परकेपणाचा शब्द आणि आपली जबाबदारी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



२९ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर तीनच दिवसांनी, राजधानी दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचल प्रदेशातील एक तरुण पत्ता विचारण्यासाठी एका दुकानाशी थांबला. नाव निडो तानिया, वय विशीच्या आत-बाहेर. वडील अरुणाचलच्या विधानसभेचे सदस्य. मुलगा पंजाबात शिकत होता आणि मित्रांसोबत दिल्लीस आला होता. त्याने केस रंगवलेले होते. दुकानातील लोकांनी त्याच्या केसांची आणि चेहऱ्याची टवाळी केली. तो चिडला, बाचाबाची झाली, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

या घटनेचे वर्णन करताना 'किरकोळ वादातून हाणामारी' असे शब्द वापरता येतात आणि त्या वेळी काहींनी ते वापरलेही. पण वाद कशावरून झाला? पैशांवरून नव्हे, जागेवरून नव्हे. आपल्याच देशाच्या राजधानीत, आपल्याच देशाच्या एका नागरिकाचा चेहरा काहींना हसण्याजोगा वाटला. हसण्याचा हा हक्क त्यांना कोणी दिला, एवढाच प्रश्न त्या मुलाने विचारला होता.

पूर्वांचलातून दिल्ली, बंगळूर, पुणे, मुंबई येथे शिकायला आणि नोकरीला येणाऱ्या तरुण-तरुणींना एक शब्द पहिल्या आठवड्यातच कळतो. तो शब्द म्हणजे 'चिंकी'. इंग्रजीत चिनी माणसाला हिणवण्यासाठी जी शिवी आहे, तिचेच हे आपल्याकडील लाडिक दिसणारे रूप. वापरणाऱ्याला ती शिवी वाटत नाही. 'अहो, थट्टेने म्हटले, त्यात मनावर काय घ्यायचे?' हे त्याचे ठरलेले उत्तर असते. याच पंक्तीला 'नेपाळी', 'चिनी', 'मोमो' हेही शब्द आहेत. मार्च २०२० मध्ये महामारी आली तेव्हा त्यांत आणखी एकाची भर पडली. 'कोरोना' असे ओरडून दिल्लीच्या मुखर्जीनगर भागात एका मणिपुरी युवतीच्या अंगावर एक माणूस थुंकला. त्या महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाला सर्व राज्यांना पत्र पाठवून सांगावे लागले की, ईशान्येच्या नागरिकांना अशा रीतीने हिणवणे हा वांशिक भेदभाव आहे आणि त्यावर कारवाई करावी.

आता या शब्दाचा अर्थ जरा थांबून पाहिला पाहिजे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी सैन्य तवांगमध्ये उतरले. नोव्हेंबरात बोमदिला पडले. त्या डोंगरांतील गावांनी चीन म्हणजे काय हे घराच्या उंबरठ्यावर पाहिले आहे. चीन आजही अरुणाचलवर हक्क सांगतो. त्या प्रदेशातील भारतीयांच्या पारपत्रावर तो नीट शिक्का मारीत नाही, वेगळा कागद टाचून देतो. जुलै २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेसाठी जाणाऱ्या अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडूंना असाच टाचलेला व्हिसा दिला गेला, तेव्हा भारताने आपला संपूर्ण वुशू संघच मागे घेतला. सरकारने योग्य तेच केले. पण त्याच खेळाडूंच्या वयाची मुले आपल्या शहरातील रस्त्यावरून जात असताना कोपऱ्यावरचा एखादा टोळभैरव त्यांना 'ए चिनी' म्हणून हाक मारतो, तेव्हा तो काय करीत असतो? बीजिंगचे सरकार जे कागद टाचून सांगते, तेच तो फुकट, आपल्या भाषेत आणि आपल्याच रस्त्यावर सांगत असतो. देशभक्तीच्या गप्पा मारणाऱ्यांच्या तोंडीही हा शब्द ऐकू येतो, ही त्यातील अधिक लाजिरवाणी बाजू.

ज्यांना ही अतिशयोक्ती वाटेल त्यांनी ऑगस्ट २०१२ आठवावा. आसामातील बोडो भागात दंगली चालू होत्या. त्याचे पडसाद पुण्यात उमटले आणि ईशान्येच्या काही तरुणांना मारहाण झाली. मग मोबाईलवरून अफवा सुरू झाल्या. काही दिवसांत बंगळूर, पुणे, चेन्नई येथून हजारो तरुण, सुरक्षारक्षक, हॉटेलातील कामगार, परिचारिका, विद्यार्थी मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. बंगळूरहून खास गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र सरकारला एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घालावी लागली. संघाचे आणि विद्यार्थी परिषदेचे कार्यकर्ते तेव्हा स्थानकावर गेले, जाऊ नका म्हणून विनवू लागले, जाणाऱ्यांना अन्नपाणी देऊ लागले. ते काम मोलाचे होते. परंतु एका अफवेवर इतके लोक का विश्वास ठेवतात, हा प्रश्न उरतोच. वर्षानुवर्षे ज्याला रोज 'तू इथला नाहीस' असे हसत हसत ऐकवले जाते, त्याला एके दिवशी कोणी 'पळ, नाहीतर मारतील' म्हटले, तर त्याला ते खोटे वाटण्याचे कारण नसते. अफवा पसरवणाऱ्यांनी ठिणगी टाकली हे खरे. जमीन मात्र आधीच वाळलेली होती.

निडो तानियाच्या मृत्यूनंतर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१४ मध्ये एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला. त्यात भारतीय दंड संहितेत १५३ सी आणि ५०९ ए अशी दोन नवी कलमे घालावीत, वंशावरून अपमान करणे हा स्वतंत्र आणि दखलपात्र गुन्हा करावा, अशी शिफारस होती. शाळेच्या पुस्तकांत ईशान्य भारताचा इतिहास यावा, असेही समितीने सुचवले. दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या नागरिकांसाठी विशेष कक्ष आणि १०९३ हा मदत क्रमांक चालवला, ही चांगली गोष्ट झाली. १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्मा दोरजी यांच्या याचिकेवर निकाल देताना अशा प्रकरणांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले. मात्र ती दोन कलमे काही दंड संहितेत आली नाहीत. पुढे १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही वांशिक शिवीसाठी वेगळे कलम नाही.

कायद्यात काहीच नाही असे मात्र नव्हे. पोलीस ठाण्याच्या मेजासमोर उभे राहून पाहिले की अडचण कळते. समजा, नोकरीवरून परतणाऱ्या मणिपुरी युवतीला कोणी हिणवले आणि ती तक्रार द्यायला गेली. जाणीवपूर्वक अपमान करण्याचे कलम आहे, पूर्वी ५०४, आता ३५२. पण तो गुन्हा अदखलपात्र. हवालदार एनसी लिहून घेतो, एक प्रत हाती देतो आणि न्यायालयात जायला सांगतो. गटागटांत वैर पसरवण्याचे कलम आहे, पूर्वी १५३ ए, आता १९६. त्यात वंश, जन्मस्थान, भाषा हे सर्व शब्द आहेत, शिक्षाही तीन वर्षांपर्यंत आहे. पण रस्त्यात एकाने एकीला हिणवले, यात दोन समूहांत वैर पसरले हे सिद्ध कसे करायचे? तिसरा मार्ग अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, १९८९ चा. तो कडक आहे; सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने 'चिंकी' म्हणणाऱ्यावर याच कायद्याखाली कारवाई करावी, असे राज्यांना कळवले होते. पण तो लागू होण्यास पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची हवी. मणिपूरचा मैतेई किंवा सिक्कीम-दार्जिलिंगकडील अनेक गोरखा कुटुंबांतील मूल त्या यादीत नाही. शिवी देणारा यादी पाहून शिवी देत नाही. संरक्षण मात्र यादी पाहून मिळते.

मग कडक आणि व्यापक कायदा करून टाकावा, असे म्हणणे सोपे आहे. इथे थोडी सावधगिरी हवी. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने एक मत लिहिले आणि दुसरीने ते आवडल्याचे कळवले. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ए हे कलम इतके सैल होते की, त्यात कोणालाही अडकवता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. सैल कायदा गुंडापेक्षा सामान्य माणसालाच आधी पकडतो, हा त्यातील अनुभव. म्हणून वांशिक अपमानाचे कलम हवे, पण नेमके हवे: व्यक्तीला तिच्या वंशावरून, चेहऱ्यावरून, प्रदेशावरून, जाहीर ठिकाणी, अपमान करण्याच्या हेतूने हिणवणे. मतभेद, टीका, विनोदी लेखन यांवर त्याची छाया पडता कामा नये. बेझबरुआ समितीच्या शिफारशीवरून अशी रेघ आखणे अशक्य नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ते झाले नाही, ही उणीव आहे आणि सरकार आपल्या विचाराचे असले तरी ती उणीवच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये डेहराडूनला शिकणाऱ्या त्रिपुराच्या एका विद्यार्थ्यावर हल्ला झाला आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रुग्णालयात झुंज देऊन तो गेला. आपल्याला वांशिक शिव्या दिल्या गेल्या, असे त्याच्या भावाचे म्हणणे. पोलिसांनी तसा हेतू दिसत नाही असे सांगितले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण वंशावरून अपमान हा गुन्हा म्हणून वेगळा नोंदलाच जात नसेल, तर तो तपासला तरी कसा जाणार?

काही मंडळी म्हणतात, शब्दांना जपण्याचे हे खूळ पाश्चात्त्य आहे, तिकडच्या विद्यापीठांतून आलेले आहे. तिकडच्या काही अतिरेकांबद्दल हसू येणे स्वाभाविक आहे. पण वाणीचा संयम आपण तिकडून शिकावा अशी वेळ आपल्यावर खासच आलेली नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. वाणीच्या तपात पहिली अट सत्याची नाही. दुसऱ्याला उद्वेग न देणारे, अशी आहे. सत्य, प्रिय आणि हितकर ही पुढे येतात. घरोघर गीता जयंतीला ज्यांनी तो अध्याय म्हटला आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नसावी.

आणि एखादा शब्द मुळात वाईट असतो असेही नाही. 'भय्या' म्हणजे थोरला भाऊ. महाराष्ट्रात त्याची शिवी झाली, ती शब्दकोशामुळे नव्हे, स्वरामुळे झाली. याच्या उलट एक उदाहरण कारगिलचे आहे. नागालँडचे कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे हे दुसऱ्या राजपुताना रायफल्समधून लढत होते. घरचे त्यांना नेइबू म्हणत. राजस्थानकडील जवानांना ते नाव म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचे 'निंबू साहेब' करून टाकले. २८ जून १९९९ च्या रात्री द्रासमधील ब्लॅक रॉकवर चढताना, सोळा हजार फुटांवर, गोठवणाऱ्या थंडीत, बूट निसटू लागले म्हणून या निंबू साहेबांनी बूट काढले आणि अनवाणी चढले. तेथेच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. जवानांनी त्यांच्या नावाची मोडतोडच केली होती. पण त्या मोडतोडीत माया होती आणि ती ऐकणाऱ्यालाही ठाऊक होती.

महाराष्ट्राचे पूर्वांचलाशी नाते शोधायला फार दूर जावे लागत नाही. शिवछत्रपती आग्र्याला नजरकैदेत होते तेव्हा मिर्झाराजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग त्यांच्यासाठी जामीन राहिला होता. महाराज निसटले आणि रामसिंगावर औरंगजेबाची खप्पा मर्जी झाली. याच रामसिंगाला पुढे आसामवर पाठवण्यात आले. तेथे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, १६७१ साली सराईघाटाला, लाचित बोरफुकन या आहोम सेनापतीने अंगात ताप असताना होडीत चढून मोगली आरमाराचा धुव्वा उडवला. पश्चिमेकडे महाराज आणि पूर्वेकडे लाचित, एकाच दशकात एकाच सत्तेशी झुंजत होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९९९ पासून सर्वोत्कृष्ट छात्राला लाचित बोरफुकन यांच्या नावाचे सुवर्णपदक दिले जाते. पुण्यापासून खडकवासला जेमतेम वीस किलोमीटर. पण लाचित कोण, हे पुण्यातील किती शालेय मुलांना सांगता येईल? ज्याचा इतिहास ठाऊक नाही, त्याचा चेहरा परका वाटतो. बेझबरुआ समितीने पुस्तकांचा आग्रह धरला तो यासाठीच.

ग्रंथातून होत नाही ते घरातून होते, हे विद्यार्थी परिषदेने १९६६ सालीच ओळखले होते. अरुणाचल हे नावही तेव्हा नव्हते, नेफा म्हणत. युद्ध होऊन चारच वर्षे झाली होती. पद्मनाभ आचार्य, जे पुढे नागालँडचे राज्यपाल झाले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम सुरू केला. त्यातील कल्पना साधी होती. पूर्वांचलातील विद्यार्थ्यांना मुंबई दाखवायची, पण उतरवायचे हॉटेलात नाही, वसतिगृहातही नाही. उतरवायचे घरी. दोन खोल्यांच्या मराठी घरात पाहुणा म्हणून आलेला नागा मुलगा पहिल्या दिवशी सगळ्यांनाच अवघडून टाकणार, हे उघड आहे. काय खातो, काय बोलायचे, नाव कसे उच्चारायचे? पण जेवणाच्या पाटावर बसलेल्या माणसाला त्याच घरातील मुले उद्या रस्त्यात हिणवू शकत नाहीत. पुढे सुनील देवधर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'माय होम इंडिया'नेही हेच सूत्र धरले. आज शहरांत सदनिका मोठ्या झाल्या आहेत आणि पूर्वांचलातून येणारी मुले कितीतरी पटींनी वाढली आहेत. मात्र 'ईशान्येकडील मुलांना जागा देत नाही' असे सांगणारे घरमालकही याच शहरांत आहेत. त्यांतील काही जण आपल्या परिचयाचे असतात, हे नाकारून चालणार नाही.

पूर्वांचलाबद्दल इतके बोलल्यावर स्वतःच्या अंगणाकडे पाहणे भाग आहे. दूरच्या माणसाविषयी उदार होणे सोपे असते.

मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत पूज्य बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, ती प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असा त्यांचा आशय होता. पन्नास वर्षे उलटून गेली. पंक्तिभेद पुष्कळ गेले. पण मराठीतील कितीतरी म्हणी आणि उपमा आजही जातींची नावे घेऊनच माणसाला हीन ठरवतात. त्या येथे उच्चारण्याचे कारण नाही. सर्वांना येतात, हीच अडचण. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी सरकार बदलू शकते. पत्ता सांगताना जुनेच नाव जिभेवर येते, तेथे सरकार काय करणार? आणि नवे नाव कोणते द्यावे, हे त्या वस्तीला विचारले पाहिजे, हेही लक्षात ठेवावे लागते. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. शब्द दिसायला गोड होता. पण ज्यांच्यासाठी तो होता, त्यांना तो नको होता.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट भटक्या-विमुक्तांची. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल आला, सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपण निघाले, पण 'पारधी' हा शब्द काही ठिकाणी अजून चोर या अर्थानेच वापरला जातो. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने या मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. तिच्यामागे गिरीश प्रभुणे यांचे आयुष्य आहे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेतील मुले विज्ञानाचे प्रयोग करतात, खेळतात, शिकून नोकरीला लागतात. आणि सुट्टीत घरी जाताना एस.टी.च्या थांब्यावर एखाद्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांना मथळा दिसतो: 'पारधी टोळी जेरबंद'.

हा मथळा लिहिणारा वार्ताहर दुष्ट नसतो. पोलिसांच्या पत्रकात जे आले, ते त्याने उतरवलेले असते. पण इतर जातीचे चार जण दरोड्यात सापडले, तर त्यांच्या जातीचे नाव घेऊन 'टोळी' असा मथळा कोणी देत नाही. तेथे नुसती 'आंतरजिल्हा टोळी' असते. वृत्तसंपादकाने रात्री पान लावताना तो एक शब्द काढला, तर बातमीतून काही वजा होत नाही. आरोपींची नावे, गाव, गुन्हा, मुद्देमाल, कलमे, तपास अधिकारी, सारे जागच्या जागी राहते. मथळ्यात जागाही वाचते.